पहिल्या भेटीत उशी बघ

प्रिय दोस्ता,

पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नव्याने आलेल्या जवानाला भेटायला निघाला आहेस. तू स्वतः कृत्रिम पायावर चालतोस, म्हणून तो तुझं ऐकेल. पण मुरलीकांत पेटकरांची गोष्ट लगेच काढू नकोस. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या माणसाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवलं, हे त्याला चार जणांनी आधीच ऐकवलेलं असतं. त्याला सध्या संडासापर्यंत जायची चिंता असते.

आधी उशी बघ. गुडघ्याखाली पाय गेला असला की बरं वाटतं म्हणून स्टंपखाली, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाखाली, उशी घेतात. मग गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे कितीही चांगला पाय बनवला तरी चाल बिघडते. उशी काढायला लाव. डॉक्टरांनी हो म्हटलं की दिवसातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं पालथं झोपू दे, म्हणजे खुब्याचा सांधाही आखडत नाही.

मग स्टंपवरचं क्रेप बँडेज. ते तिरपं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं; टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. गोल-गोल गुंडाळलं की मध्येच आवळतं, टोक फुगतं आणि सॉकेटचं, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिचं, माप चुकतं. चार-चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. ठणका लागला तर लगेच सोडायचं.

कृत्रिम पाय मिळाल्यावर स्टंपवर चढवायच्या मोज्यांचा हिशेब शिकव. दिवसभरात स्टंप आकसतो, सॉकेट ढिलं होतं, स्टंप खाली जातो आणि टोक दुखू लागतं. तेव्हा एक मोजा वाढवायचा. पाय काढल्यावर लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही तर पुन्हा न घालता प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्याला, दाखवायचं. घरी कानस घेऊन सॉकेट घासणारे महाभाग आहेत, त्याला तसं करू देऊ नकोस. स्टंप रात्री धुवायचा. सकाळी ओलसर कातडीवर पाय चढवला की ती सोलवटते.

नसलेली बोटं दुखतात म्हणाला तर हसू नकोस, डॉक्टरांना सांगायला लाव. आरशासमोरच्या व्यायामाने काहींना उतार पडतो. कुबड्या रात्री हाताशीच हव्यात. झोपेत पाय नाही हे विसरून माणूस उठतो आणि नेमका स्टंपवर पडतो.

इंज्युरी रिपोर्ट आणि मेडिकल बोर्डाच्या कागदांच्या झेरॉक्स त्याने घरी जाण्याआधीच काढून ठेवाव्यात. पेन्शनचं काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. हातात नवं काम हवं असेल तर खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी कर. १९१७ पासून ती जखमी जवानांना धंदे शिकवते. हे मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

तुझा,
एक जुना सोबती