मॉर्मन ‘सीलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथातील स्त्रियांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना एक अनुवादिका तीन शब्दांपाशी अडल्या आहेत: ‘सीलिंग’ (मंदिरातील विधीने नाते अनंतकाळासाठी बांधणे), ‘अपॉस्टसी’ (कोशाप्रमाणे धर्मत्याग) आणि ‘एक्सकम्युनिकेशन’ (मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, काढून टाकणे). त्यांनी एक वाक्य तात्पुरते असे लिहिले आहे: “धर्मत्याग केल्यामुळे तिला वाळीत टाकण्यात आले आणि पतीशी झालेले तिचे शिक्कामोर्तब रद्द झाले.” हे वाक्य आपल्याच कानाला खटकते, पण नेमके कुठे ते उमगत नाही, असे त्या लिहितात. माझ्या मते यातील तिन्ही शब्द बदलायला हवेत. मात्र ते सुटेसुटे बदलून भागणार नाही, कारण पंथाच्या व्यवहारातही ते एकमेकांत गुंतलेले आहेत. विवाह अनंतकाळासाठी बांधण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याशी कोणी उघड वाद मांडला, तर त्याची झळ त्या विवाहापर्यंत पोचते.

‘सीलिंग’ तसाच ठेवावा, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पालिकेने टाळे ठोकून लाखेची मोहोर लावलेले दुकान उभे राहते, नाहीतर घराचे छत. ‘मुद्रांकन’ म्हणावे, तर मुद्रांक शुल्क आठवते. ‘शिक्कामोर्तब’ हा त्यांतल्या त्यात जवळचा शब्द आहे आणि अनुवादिकेला तो का सुचला असेल हे समजते. मराठेशाहीतील पत्रांवर शिक्का उमटे तो पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगण्यासाठी, आणि अखेरीस मोर्तब होई ते मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये यासाठी. त्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असत. अधिकार आणि अंतिमता हे दोन्ही अर्थ मॉर्मन शब्दात आहेतच. पण तिसरा अर्थ, जोडण्याचा, शिक्कामोर्तबात नाही. शिक्कामोर्तब निर्णयावर होते, दोन माणसांचे एकमेकांशी होत नाही. वाक्य खटकते ते मुख्यतः येथे.

हा जोडण्याचा अर्थ येतो बायबलमधून. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो आणि पृथ्वीवर तू जे बांधशील ते स्वर्गात बांधले जाईल असे सांगतो. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात आपली मंडळी स्थापन केली, आणि पुढे हाच बांधण्याचा अधिकार आपल्याला मिळाल्याचे सांगून तो विवाहाला लावला. १२ जुलै १८४३ रोजी इलिनॉय राज्यातील नौवू येथे लिहून घेतलेला एक साक्षात्कार मॉर्मनांच्या ‘डॉक्ट्रिन अँड कॉव्हनंट्स’ या ग्रंथात १३२ वे प्रकरण म्हणून छापलेला आहे. त्याप्रमाणे इतर सर्व विवाह मृत्यूबरोबर संपतात. योग्य अधिकाऱ्याच्या हातून बांधलेला विवाह तेवढा मृत्यूपलीकडे टिकतो, आणि असा अधिकार पृथ्वीवर एका वेळी एकाच माणसाच्या ठायी असतो.

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असे आपणही म्हणतो. त्यामुळे ‘स्वर्गीय लग्नगाठ’ लिहिण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. आपल्या म्हणीत गाठ आधी वर पडलेली असते आणि खाली माणसांची नुसती भेट होते. मॉर्मन विचारात ती खाली, मंदिरात, अधिकारी माणसाच्या शब्दाने पडते आणि वर मान्य होते. क्रमच उलटा आहे, आणि त्या क्रमात त्या माणसाचे सारे महत्त्व सामावलेले आहे. ‘जन्मोजन्मीचे नाते’ हेही चालणार नाही. वटपौर्णिमेला सात जन्म हाच पती मिळो असे मागणारी स्त्री दर जन्मी नव्याने होणारे लग्न मागत असते. मॉर्मन शिकवणुकीत पुनर्जन्म नाही. तेथे एकदाच झालेले लग्न कधीच न संपण्याची गोष्ट आहे.

शिवाय हा विधी केवळ पतिपत्नींचा नाही. मुले आईवडिलांशी अशीच बांधली जातात, आणि मृत पूर्वजांसाठीही जिवंत वंशज प्रतिनिधी म्हणून हा विधी करतात. म्हणून ‘विवाह’ किंवा ‘लग्न’ हे अंग असलेला कोणताच शब्द सगळीकडे पुरणार नाही. मी ‘चिरबंधन’ सुचवतो: ‘पतिपत्नींचे चिरबंधन’, ‘मुलांचे आईवडिलांशी चिरबंधन’. ‘शाश्वत’ अर्थाने अधिक नेमका होता, पण ‘शाश्वत विकास’ इतका रुळला आहे की तो शब्द आता शेती आणि पर्यावरणाकडे ओढतो. ‘बंधन’ या शब्दात जखडणेही ऐकू येते, ही हरकत कोणी घेईल. ते ऐकू आले तर मला वाईट वाटणार नाही. पहिली पत्नी वारल्यावर पुरुषाला दुसरीशीही चिरबंधन करता येते आणि दोन्ही बंधने अनंतकाळ टिकतात असे मानले जाते. हयात स्त्रीला मात्र पहिले बंधन रद्द झाल्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी ते करता येत नाही. या एका नियमाने आजही कितीतरी मॉर्मन विधवा आणि पुनर्विवाहित स्त्रियांच्या मनाला घोर लावला आहे.

हे बंधन न्यायालयातल्या घटस्फोटाने सुटत नाही. त्यासाठी मंडळीचे अध्यक्ष व त्यांचे सल्लागार यांच्या सर्वोच्च मंडळाची संमती लागते. म्हणून त्या कृतीला ‘घटस्फोट’ म्हणू नये, नुसते ‘चिरबंधन रद्द करणे’ म्हणावे. पण ‘घटस्फोट’ या शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण अनुवादिकेच्या दोन अडचणी त्या एका शब्दात कधीकाळी एकत्र नांदत होत्या. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर घालवण्याचा विधी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन येते: सायंकाळी, गावाबाहेर, आप्त आणि गुरू यांच्यादेखत पतितासाठी मेलेल्या माणसाला द्यावे तसे पाणी सोडायचे, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, आप्तांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचे, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणे, एकत्र बसणे, त्याला वारसा देणे बंद. प्रायश्चित्त केल्यावर त्याला परत घेताना आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलात स्नान करून पाण्याने भरलेला नवा घडा त्यात टाकायचा. समाजाशी नाते तुटणे दाखवणारा हा शब्द मराठीत पुढे पतिपत्नींचे नाते तुटण्यापुरता उरला. मॉर्मन मंडळीत काढून टाकलेल्या माणसाला परत यायचे झाले तर पुन्हा पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा लागतो, आणि मंदिरातले आशीर्वाद, म्हणजे चिरबंधनही, त्यानंतर वेगळ्या विधीने परत मिळतात. हे वाचल्यावर तो नवा घडा मला आठवल्याशिवाय राहत नाही. आजच्या अनुवादात हा शब्द जुन्या अर्थाने वापरता येणार नाही, याची मात्र खंत वाटते.

आता ‘अपॉस्टसी’. कोशात ‘धर्मत्याग’ मिळेल, आणि सर्वसाधारण ख्रिस्ती लेखनात तो योग्यही ठरेल. मॉर्मन मंडळीच्या शिस्तीच्या नियमांत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ आहे मंडळीला किंवा तिच्या नेत्यांना वारंवार, उघडपणे आणि जाणूनबुजून केलेला जाहीर विरोध. म्हणजे श्रद्धा सोडणे हा येथे मुद्दाच नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली. पाच जणांना काढून टाकले, एकीचे अधिकार मर्यादित केले. त्यांतल्या लव्हीना फील्डिंग अँडरसन यांनी नेते अभ्यासकांवर कसा दबाव आणतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. काढून टाकल्यावरही त्या वर्षानुवर्षे आपल्या वस्तीतल्या मंडळीच्या उपासनेला जात राहिल्या. पुन्हा बाप्तिस्मा मिळावा ही त्यांची विनंती २०१९ मध्ये फेटाळली गेली आणि २०२३ मध्ये त्या वारल्या. अशा बाईंनी ‘धर्मत्याग केला’ असे मराठीत छापणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे होय. ज्यांनी त्यांना काढले त्यांचा शब्द आपण आपल्या तोंडी घेतला, असा त्याचा अर्थ होईल.

या शब्दाचा विवाहाशी असलेला संबंध इतिहासात पाहावा. विल्यम लॉ हे जोसेफ स्मिथचे दुसरे सल्लागार होते, म्हणजे सर्वोच्च मंडळातलेच. खासगीत चाललेले बहुपत्नीत्व त्यांना मान्य झाले नाही. एप्रिल १८४४ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. ७ जून रोजी त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी ‘नौवू एक्स्पॉझिटर’ हे वृत्तपत्र काढले, त्याचा तो एकमेव अंक ठरला, कारण १० जूनला नगरपरिषदेच्या आदेशावरून छापखाना मोडण्यात आला. त्या प्रकरणात तुरुंगात असलेल्या स्मिथची २७ जूनला जमावाने हत्या केली. मॉर्मन पुढे ज्या युटामध्ये जाऊन वसले, तेथे ऑगस्ट १८५२ मध्ये बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर झाली. (त्याच वर्षी ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही त्याने प्रचार केला, तेव्हा हा विषय आपल्या भूमीला अगदीच अनोळखी नाही.) पुढे अमेरिकी काँग्रेसने कायदे कडक करत नेले, १८८७ च्या कायद्याने मंडळीची मालमत्ता जप्त होऊ लागली, आणि १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून असे विवाह थांबवण्याचे सांगितले. तरी काही विवाह गुपचूप होत राहिले. १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला, आणि १९११ मध्ये जॉन डब्ल्यू. टेलर या माजी प्रेषिताला, म्हणजे एकेकाळच्या वरिष्ठ नेत्याला, काढून टाकण्यात आले. म्हणजे १८४४ मध्ये बहुपत्नीत्वाला विरोध केला म्हणून माणूस बाहेर गेला, आणि १९११ मध्ये ते सोडवेना म्हणून. विवाहाचा नियम फिरला, पण नेतृत्वाशी मतभेद हा गुन्हा दोन्ही वेळी तोच होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये तर समलिंगी विवाह करणे हेच ‘अपॉस्टसी’ म्हणून नियमपुस्तकात आले आणि एप्रिल २०१९ मध्ये ते काढून त्याची गणना ‘गंभीर अपराधा’त झाली. एकच कृती, साडेतीन वर्षांत दोन नावे. त्या नावांच्या फरकाने कित्येक कुटुंबे पोळली.

म्हणून येथे ‘नेतृत्वाला जाहीर विरोध’ असे सरळ लिहावे, आणि हा मंडळीचा आरोप आहे हे वाक्यातून कळू द्यावे. ‘पाखंड’, ‘बंडखोरी’, ‘द्रोह’ यांपैकी काही नको. दुसऱ्या बाजूने, त्या सदस्याची स्वतःची भूमिका सांगताना ‘असहमती’ पुरेसा आहे.

जाता जाता ‘सवत’ या शब्दाविषयी. लेखात बहुपत्नीत्वाचा उल्लेख आला तर हा शब्द हाताशी तयार आहे, पण त्यात मत्सर मुरलेला आहे. स्त्रीने स्वतः तो वापरला नसेल तर ‘सहपत्नी’ लिहावे. आणि १३२ व्या प्रकरणात पतीच्या पुढच्या विवाहाला पहिल्या पत्नीच्या ‘संमती’चा उल्लेख आहे, तेथे विशेष जपावे: तिने शिकवण समजल्यावर नकार दिला तर पतीला तिच्या संमतीची गरज उरत नाही, असे तेच प्रकरण पुढे सांगते. जिच्या नकाराला किंमत नाही तिच्या होकाराला आपण ‘संमती’ म्हणतो का, हा प्रश्न अनुवादकाला पडायला हवा. मूळ शब्द बदलता येत नाही हे खरे, पण पुढचे वाक्य अनुवादातून गाळता कामा नये. सभेत नेत्यांची नावे वाचून उजवे हात वर करायला लावतात, त्याला ‘निवडणूक’ किंवा ‘मतदान’ म्हणू नये, हेही त्याच कारणाने. नावे आधीच ठरलेली असतात. आपल्या सोसायटीच्या सभेतला ‘अनुमोदन’ हा शब्द येथे बरोबर बसतो.

राहिले ‘वाळीत टाकणे’. महाराष्ट्रात या शब्दामागे पाणवठा बंद, किराणा बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही, असे अनुभव उभे आहेत, आणि त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. मॉर्मन मंडळीतून काढलेल्या व्यक्तीला उपासनेला येऊन बसता येते, उलट तसे बोलावलेही जाते. पण प्रभुभोजनाची भाकर व पाणी घेता येत नाही, मंदिरात जाता येत नाही, पद घेता येत नाही, दशमांशही (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देता येत नाही. माणूस बाकावर बसलेला असतो आणि भाकरीचे तबक त्याच्यापुढून तसेच पुढे सरकते. हा त्रास वेगळ्या जातीचा आहे, त्याला आपल्याकडचा शब्द चिकटवू नये. २०२० मध्ये नियमपुस्तकातच हा शब्द बदलून ‘सदस्यत्व काढून घेणे’ अशा अर्थाचा मवाळ शब्दप्रयोग आला आणि ‘शिस्त परिषदे’ची ‘सदस्यत्व परिषद’ झाली. २०२० नंतरच्या घटनेबद्दल लिहिताना नवा शब्द वापरावा, पण त्याआधीच्या घटनेला तो लावू नये. १९९३ साली ज्यांच्या हाती पत्र पडले त्यांच्या पत्रात तो मवाळपणा नव्हता. त्यांच्यासाठी ‘मंडळीबाहेर काढणे’ हा क्रियापदासह येणारा, कृती करणारा कोणी आहे हे सांगणारा प्रयोग मला योग्य वाटतो. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजाच्या रोजच्या वापरातला आहे, तेव्हा ‘चर्च’चा अट्टहास नको.

आता ते वाक्य. सदस्यत्व गेले की त्या व्यक्तीचे चिरबंधनाचे आशीर्वाद जातात, मात्र निर्दोष मानलेल्या जोडीदाराचे आणि मुलांचे आशीर्वाद कायम राहतात, आणि कायद्याने ती दोघे पतिपत्नीच असतात. म्हणून ‘रद्द झाले’ हेही थोडे बदलावे लागेल. मी असे लिहीन: “नेतृत्वाला जाहीर विरोध केल्याचा ठपका ठेवून तिला मंडळीबाहेर काढण्यात आले, कायद्याने ती त्याची पत्नीच राहिली, पण मंदिरात पतीशी झालेले चिरबंधन, मंडळीच्या लेखी, तिच्यापुरते उरले नाही.” वाक्य लांबले आहे. ‘तिच्यापुरते’ हा शब्द मात्र कितीही काटछाट झाली तरी राहू द्यावा.