एलएलबी झालंय, आता धर्माचा अभ्यास करू का?

प्रश्न : ताई, माझं एलएलबी झालंय, सनदही घेतलीय, पण कोर्टात मन रमत नाही. घटनेतला धर्मस्वातंत्र्याचा भाग मात्र अक्षरशः वेड्यासारखा वाचला. आता रिलिजस स्टडीजमध्ये एमए आणि पुढे पीएचडी करावंसं वाटतंय. घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. खरंच असं करिअर होतं का हो?

उत्तर : होतं. घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही, त्यावर येतेच, पण आधी हे बघा की कोर्टालाच हा अभ्यास लागतो. १९५४ च्या, उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की धर्माचा गाभा काय हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवायचं. ऐकायला छान, पण ती शिकवण वाचून ठरवणार कोण, तर न्यायाधीश! १९६६ च्या खटल्यात सत्संगी, म्हणजे स्वामीनारायण पंथाचे लोक, म्हणाले आम्ही हिंदू नाही, मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, तेव्हा न्या. गजेंद्रगडकरांना निकालात हिंदू धर्म म्हणजे काय हेच लिहीत बसावं लागलं.

मला स्वतःला अमेरिकेतल्या बोका रॅटन शहराची केस फार आवडते. तिथल्या दफनभूमीत जमिनीला सपाट दगडच चालतील असा नियम होता, आणि लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर क्रॉस, पुतळे असं काय काय उभं केलेलं. १९९९ च्या खटल्यात धर्माचे प्रोफेसर साक्षीला आले, दोन्हीकडून बरं का, आणि शेवटी कोर्ट म्हणालं ही धर्माची आज्ञा नाही, तुमची वैयक्तिक आवड आहे, झालं, कुटुंबं हरली. आता वकील विचारणार 'लिहिलंय कुठे?' आणि धर्माचा अभ्यासक विचारणार 'पण लोक करतात काय?' तुमचा पीएचडीचा विषय या दोन प्रश्नांच्या मध्येच कुठेतरी आहे.

आता नोकरीचं. जागा निघते ती एकाच विभागात, दोन विषयांची मिळून क्वचितच. लॉ कॉलेजला एलएलएम लागणार, त्यामुळे तिथे शिकवायचं असेल तर ते टाळू नका. धर्माच्या विभागात विचारतील कुठली परंपरा, आणि मूळ भाषा येते का? संस्कृत, पाली, अरबी, जी लागेल ती आत्ताच सुरू करा, नुसत्या भाषांतरांवर लिहिलेला थिसिस व्हायवात उघडा पडतो. गाईड दोन असतील तर ते एकमेकांशी बोलतात का हे आधी गुपचूप चौकशी करून बघा (हसू नका, यात लोकांची वर्षं गेलीत).

पां. वा. काणे हायकोर्टात वकिली करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला बसले, पहिला खंड १९३० ला, शेवटचा १९६२ ला, आणि १९६३ ला भारतरत्न. तेव्हा घरच्यांना काण्यांचं नाव जरूर सांगा, बत्तीस वर्षांचं मात्र नका सांगू. आणि सनद राहू द्या.