निलगिरी डोंगरातली गवताळ कुरणं जंगल तोडून झाली आहेत का? तिथे झाडं लावावीत का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पुरावा तिथल्याच दलदलीत आहे. ओल्या खोलगट जागांत वनस्पती पुरत्या कुजत नाहीत, वर्षानुवर्षं थरावर थर साचत जातात. यालाच पीट म्हणतात.

झाडंझुडपं सी-३ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-४ पद्धतीने. त्यामुळे त्यांच्यातल्या कार्बन-१३चं, म्हणजे कार्बनच्या जरा जड प्रकाराचं, प्रमाण वेगळं असतं. एका ठरलेल्या प्रमाण नमुन्याशी तुलना करून ते मोजतात; झाडांचं मूल्य उणे २७ प्रतिहजारच्या आसपास येतं, सी-४ गवतांचं उणे १२-१३च्या. पर्यावरणशास्त्रज्ञ रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी निलगिरीतल्या पीटवर केलेला असा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २०,००० ते १६,००० वर्षांपूर्वीच्या थरांत सी-४ गवताचाच वरचष्मा दिसला. तिथे कुऱ्हाड पोचली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तेव्हा हिमयुग ऐन भरात होतं, मोसमी पाऊस दुबळा होता आणि हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात जेमतेम १९० भाग. आज तो ४२०च्या वर आहे. सी-४ गवत हा वायू पानातच एकवटून वापरतं, म्हणून तो कमी असला तरी भागतं आणि पाणीही कमी लागतं. झाडांची मात्र दुहेरी कोंडी झाली. पुढे, साधारण ११,००० वर्षांपूर्वी, पृथ्वी उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्याच्या सर्वांत जवळ येत होती. जमीन जास्त तापली, पाऊस वाढला आणि सी-३ वनस्पतींचा वाटाही वाढला.

हे आकडे वाचताना एक गफलत हमखास होते: सी-३ म्हणजे जंगलच, असं धरलं जातं. दलदलीतल्या कितीतरी वनस्पतीही सी-३ असतात, म्हणून कोणत्या वनस्पती होत्या हे कळायला जोडीला थरातले परागकण मोजावे लागतात. आणि तिथेही फसगत आहेच. गवताचे पराग वाऱ्यावर उडून भरमसाट साचतात. उलट शोला जंगलात, म्हणजे कुरणांमधल्या खोलगट जागांतल्या सदाहरित रानात, दालचिनीच्या कुळातली झाडं भरपूर असतात, पण त्यांच्या परागकणांचं कवच इतकं पातळ की ते बहुधा टिकतच नाहीत. नुसत्या परागांवर विसंबलात तर जंगल होतं त्यापेक्षा कमी दिसेल. शिवाय वरच्या झाडांची मुळं खालच्या थरात घुसलेली असतात. ती वेचून काढली नाहीत, तर रेडिओकार्बनने थराचं वय खऱ्यापेक्षा कमी येतं.

आता झाडं लावण्याबद्दल. उघड्या माळावर हिवाळ्यात दहिवर गोठतं, त्यात शोलातली कोवळी रोपं जळून जातात. जंगलाच्या सावलीत ती तगतात. उघड्यावर जोमाने वाढतो तो ऑस्ट्रेलियातून आणलेला वॉटल, बाभळीच्या जातकुळीतलं झाड. कुरणाला ‘पडीक’ ठरवून ब्रिटिश काळापासून तो आणि युकॅलिप्टस लावले गेले, याचं मला फार वाईट वाटतं. वॉटलचं बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं आणि आग लागून गेली की एकदम उगवून येतं. त्यामुळे श्रमदान करायचंच असेल तर नवे खड्डे खणू नका. वॉटलची रोपं लहान असतानाच, पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा, वनखात्याच्या परवानगीने मुळासकट उपटा आणि त्याच जागी पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा जा.