‘रॅडिकल’ला जहाल म्हणावे, मूलगामी की कट्टर?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी ‘रॅडिकल’साठी मराठीत जहाल, मूलगामी आणि कट्टर असे तीन शब्द चालतात. बातम्यांत धर्मवेडाने पेटलेल्या माणसाला रॅडिकल म्हणतात आणि युरोपच्या इतिहासात राजा-चर्चशी भांडणाऱ्या सुधारकालाही. मग हा शब्द धर्माच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा?

लॅटिनमध्ये ‘राडिक्स’ म्हणजे मूळ. इंग्रजीतला ‘रॅडिश’ त्याच कुळातला. मराठीतही मूळ आणि मुळा अशी जोडी आहेच. राजकारणात हा शब्द रुळला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये. संसदेची वरवरची डागडुजी नको, मुळापासून सुधारणा हवी, असे म्हणणारे ते रॅडिकल. त्याआधीच्या माणसांना हे नाव इतिहासकारांनी मागाहून दिले. पण प्रश्नाचे उत्तर त्या आधीच्या माणसांकडेच आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो.

1525च्या मार्चमध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी बारा कलमांचे एक मागणीपत्र केले. शब्दांकन मुख्यतः सेबास्टियन लोत्सर या फर शिवणाऱ्या कारागिराचे. गावाचा धर्मोपदेशक गावाने निवडावा, धान्याच्या दशांश करातून त्याचे पोट भरावे आणि उरेल ते गरिबांना द्यावे, जंगलातले सरपण आणि नदीतले मासे सर्वांना खुले असावेत, वेठ कमी करावी. मागण्या पोटापाण्याच्या, पण समासात बायबलमधले दाखले भरलेले! तिसरे कलम तर भूदासपणाच नाकारते, आणि कारण देते ते असे: ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मेंढपाळापासून सरदारापर्यंत सगळ्यांना सोडवले आहे, मग आम्ही कोणाच्या मालकीचे कसे? शेवटच्या कलमात ते सांगतात, यातले एखादे कलम देवाच्या वचनाविरुद्ध आहे असे दाखवून दिलेत तर आम्ही ते मागे घेऊ. मला हे कलम फार मोलाचे वाटते. वाद जिंकायचा तो ग्रंथाच्या आधारावर, तलवारीच्या नव्हे, अशी तयारी त्यात दिसते.

पोपच्या सत्तेविरुद्ध उठलेला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याला हे पटले नाही. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे असते, शेतकऱ्यांनी ते देहाचे करून टाकले, असा त्याचा आक्षेप होता. लूथरशी फारकत घेतलेला धर्मोपदेशक टोमास म्युन्त्सर मात्र शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. मे 1525मध्ये फ्रांकेनहाउझेनला बंड केलेल्या शेतकऱ्यांची सरदारांच्या फौजांकडून कत्तल झाली आणि काही दिवसांत म्युन्त्सरचे डोके उडवले गेले. आता सांगा, म्युन्त्सरला ‘कट्टर’ म्हणाल की ‘मूलगामी’? त्याच्या भाषेत देवाचा कोप आणि जगाचा अंत ठासून भरला आहे, पण मागणे समतेचे आहे. ‘कट्टर’ म्हटले की हे मागणे दिसेनासे होते. कट्टर माणूस आहे त्या गोष्टीला घट्ट धरून बसतो. म्युन्त्सर आहे ती घडी मोडायला निघाला होता. ‘जहाल’ त्याला शोभतो, कारण जहालपण वाणीत आणि कृतीत असते. मूलगामीपण विचारात असते.

पुढचा टप्पा इंग्लंडचा. 1647च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या पटनीला, राजाविरुद्ध लढलेल्या संसदेच्या सैन्याचे अधिकारी आणि साधे शिपाई मताधिकारावर वाद घालत होते. इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत थोर माणसाइतकेच एक आयुष्य जगायचे असते, हे कर्नल रेन्सबरोचे म्हणणे तिथलेच. त्या वादांमध्ये प्रार्थनाही होत होत्या, आणि ते कोणाला वावगे वाटत नव्हते. दीड वर्षाने, एप्रिल 1649मध्ये, जेरार्ड विन्स्टनली आणि त्याचे सोबती सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर पडीक गायरान खणून गाजरे, घेवडे पेरू लागले. पृथ्वी सर्वांची सामाईक ठेव म्हणून निर्माण झाली, हा त्यांचा आधार. याच विन्स्टनलीने ‘देव’ या शब्दाऐवजी आपण ‘विवेक’ हा शब्द का वापरतो, हेही लिहून ठेवले आहे. त्याला धार्मिक म्हणावे की धर्माच्या पलीकडे गेलेला? मला वाटते, त्या काळात ही सीमारेषाच आखलेली नव्हती.

रेषा ठळक झाली ती फ्रान्समध्ये. तिथे चर्च स्वतः मोठे जमीनदार होते आणि त्याची मुळे राजसत्तेत गुंतलेली होती, त्यामुळे मुळावर घाव घालायचा तर चर्चवर पडणारच. इंग्लंडमध्ये अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांची माणसेच सुधारणांसाठी पुढे आली; 1787मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली तेव्हा बारापैकी नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. म्हणजे रॅडिकल माणूस धर्माच्या कुठल्या बाजूला उभा राहील, हे त्या देशात चर्च कोणाच्या बाजूला आहे यावर बरेचसे ठरत आले.

या परंपरेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. अठराव्या शतकातला इंग्रज लेखक टॉमस पेन, त्याचे वडील क्वेकर. पेन स्वतः चर्च झुगारणारा, पण एका निर्मात्याला मानणारा. त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी 1847च्या सुमारास वाचले. फुल्यांचा ‘निर्मिक’ आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पाहिले की मूलगामी विचार धर्माची भाषा न टाकताही करता येतो, हे मराठी वाचकाला वेगळे पटवावे लागत नाही. फुल्यांना ‘जहाल’ म्हटले तर ते टिळकांच्या गटात गेल्यासारखे वाटते. जहाल-मवाळ ही जोडी काँग्रेसच्या राजकारणाला इतकी चिकटली आहे की जुन्या युरोपसाठीही तो शब्द जपूनच वापरावा.

तेव्हा विचारासाठी मूलगामी, आवेशासाठी जहाल. बातम्यांतल्या दहशतीसाठी ‘धर्मांध’ किंवा ‘अतिरेकी’ असे स्पष्ट शब्द असताना ‘मूलगामी’ला तिथे ओढू नये. फ्रान्समध्ये 1901 साली स्थापन झालेल्या पक्षाचे नाव मात्र ‘रॅडिकल पक्ष’ असेच ठेवावे; चर्च आणि राज्य वेगळे करण्यात तो पुढे होता, पण खासगी मालमत्तेच्या प्रश्नावर त्याला मूलगामी म्हणता येत नाही.