दाखल्यावर सही करण्याआधी

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलाने वर्गमित्राला मारलं, त्याचा दात पडला. शाळा म्हणते, ‘दाखला काढून न्या, नाहीतर नाव कमी करू.’ काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, आज सही करू नका. तुम्हीच दाखला मागितलात, की चौकशी तिथेच थांबते आणि कागदावर ती तुमची इच्छा ठरते. आरोप लेखी मागा : काय घडलं, कधी, कुणी पाहिलं. तक्रार करणारे शिक्षकच निर्णय देणार असतील तर हरकत घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं १२वं कलम मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं.

मी २६ वर्षं मुख्याध्यापिका होते. एका मुलाला मी न ऐकताच काढलं. वर्षभर त्याला छळलं जात होतं, हे मला फार उशिरा कळलं. ते आजही सलतं.

पण दात पडलेला मुलगाही कुणाचा तरी आहे. आधी त्याच्या घरी जा, तुमच्या मुलाला घेऊन. उपचारांचा खर्च उचला. मुलाला माफी पाठ करून देऊ नका, त्याच्याच शब्दांत मागू द्या.

तरीही काढलंच, तर लेखी कारणं आणि अपिलाची मुदत विचारा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत परीक्षेला बसू द्यावं, असा अर्ज त्याच दिवशी द्या.