महापालिकांच्या हॅकेथॉनमधून शहराचे प्रश्न खरंच सुटतात का?

तुमचा प्रश्न असा की महापालिका हॅकेथॉन, म्हणजे तंत्रज्ञानातून उपाय शोधण्याच्या स्पर्धा, भरवून विद्यार्थ्यांकडून, स्टार्टअपवाल्यांकडून कल्पना मागवतात, बक्षिसं वाटतात, त्याचं पुढे काही होतं का. बहुतेक वेळा नाही. अशा काही स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसलोय. जिंकलेल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी कुणाला भेटायचं, हेच ठरलेलं नसतं. अंदाजपत्रकात तरतूद नाही, मग खात्यातला अभियंता तरी काय करणार?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरानं 2008 साली आपली आकडेवारी खुली करून ‘ॲप्स फॉर डेमोक्रसी’ ही स्पर्धा लावली. खर्च 50 हजार डॉलर, 30 दिवसांत 47 ॲप्स. कौतुक भरपूर झालं. पण ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं होतं, कुठल्या खात्याची नड त्यामागे नव्हती. बरीचशी ॲप्स पुढे बंद पडली.

बॉस्टनचं उदाहरण मला जास्त आवडतं. गाडीतल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे शोधणारं ‘स्ट्रीट बम्प’ हे ॲप तिथल्या महापालिकेला हवं होतं. पहिल्या आवृत्तीला खड्डा, गतिरोधक आणि रेल्वेचे रूळ यांतला फरकच कळेना. मग महापालिकेनं नेमकं तेवढंच कोडं ‘इनोसेंटिव्ह’ या बक्षीस लावून कोडी सोडवून घेणाऱ्या संकेतस्थळावर जगासमोर मांडलं. 25 हजार डॉलरचं बक्षीस एका विमा कंपनीनं दिलं. विजेत्यांत मिशिगनमधले गणिताचे एक प्राध्यापकही होते. रस्ते खात्याच्या निविदेला त्यांनी कधी हात लावला असता असं वाटत नाही! 2012 मध्ये ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं.

गंमत पुढेच आहे. हादऱ्यांची नोंद पाहिल्यावर कळलं की त्यातले कितीतरी खड्ड्यांचे नाहीतच, रस्त्याच्या पातळीशी न जुळणाऱ्या चेंबरच्या झाकणांचे आहेत. (डांबराचे थर चढत जातात आणि चेंबर खाली राहतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) ही झाकणं वीज, गॅस अशा वेगवेगळ्या सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांची, म्हणजे नुसता खड्डे बुजवणारा ठेकेदार नेमून काम भागणार नव्हतं. आणखी एक मेख अशी की त्या काळी स्मार्टफोन गरीब आणि म्हाताऱ्या लोकांकडे कमी होते. नागरिकांच्याच फोनवर भिस्त ठेवली असती तर या गरीब, म्हाताऱ्या लोकांच्या वस्तीतले रस्ते कागदावर गुळगुळीत दिसले असते. म्हणून ॲप आधी महापालिकेच्या स्वतःच्या माणसांच्या हाती दिलं.

बार्सिलोनानं 2014 मध्ये थेट निविदेलाच हात घातला. सायकलचोरी, वृद्धांचं एकटेपण, उखडलेले रस्ते अशा सहा अडचणी जाहीर केल्या आणि एकूण 10 लाख युरो ठेवले. यंत्र अमुक मापाचं असावं वगैरे अटी नाहीत. अडचण ही, उपाय तुम्ही सांगा. विजेत्याला करंडक नाही, काम मिळणार होतं.

आपल्याकडे पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तिथं मागणी पदपथ, बाकडी अशा छोट्या कामांची असते. नवं तंत्रज्ञान त्यातून येत नाही, पण सुचवलेलं काम अंदाजपत्रकात जाऊ शकतं, हे महत्त्वाचं.

तुम्ही स्वतः भाग घेणार असाल तर जाहिरातीत दोन गोष्टी शोधा: अडचण कुठल्या खात्याची आहे आणि चाचणीचा खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरातून) होणार आहे. दोन्ही दिसत नसतील तर बक्षीस आणि प्रमाणपत्रासाठी खुशाल जा, नोकरी मात्र सोडू नका.