ज्यू धर्मकायद्यात उसने घेतलेले पैसे नाकारणाऱ्याकडून वसुली कशी होते?

साक्षीदारांच्या सह्यांचा कर्जरोखा (श्टार) असेल तर सहज होते. व्यवहार तोंडी असेल तर बहुधा ऋणकोच्या शपथेवर प्रकरण मिटतं. रोखा धनकोच्या हातात असताना ‘मी फेडले’ हे म्हणणं बेथ दीन, म्हणजे धर्मन्यायालय, मानत नाही: फेडले असते तर रोखा परत घेतला असता. शिवाय कर्जानंतर ऋणकोने विकलेली जमीनसुद्धा खरेदीदाराकडून वसुलीला येते. तोंडी कर्जात यातलं काहीच नाही. पैसे साक्षीदारांदेखत दिले असले तरी, ‘फेडही साक्षीदारांसमोरच’ अशी अट नसेल तर ‘फेडले’ हा दावा चालतो. मग शपथ. शंभर मागितले आणि पन्नास कबूल केले, तर उरलेल्या पन्नासांबद्दल तोरातली (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली) कडक शपथ. साफ नाकारले तर रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) पुढे घातलेली सौम्य ‘हेसेत’ शपथ. हल्ली न्यायाधीश शपथ टाळून तडजोडीची रक्कम ठरवतात. नातलगांत रोखा मागायला लोक संकोचतात, पण तालमूद, म्हणजे रब्बींच्या कायदेचर्चांचा ग्रंथ, (बावा मेत्झिया ७५ब) साक्षीदारांविना कर्ज देणं स्पष्टपणे चूक ठरवतो. एक मात्र लक्षात ठेवा: दोघेही ज्यू असतील आणि रोख्यात व्याज लिहिलं असेल, तर मुद्दल मिळतं, व्याज नाही.